आमचा डावा अंगठा

पांढुर्ण्याच्या आमच्या घरी येणारा पाहुणा चहाचा कप खाली ठेवता ठेवता एक प्रश्न हटकून विचारतो. बैठकीच्या कोपऱ्यात टेबलावर संगणक मांडलेला असतो. पडद्यावर एखादे मध्ययुगीन गाव, त्याची शेते, मेंढ्या, लाकूडतोडे आणि घोडेस्वार असा सारा प्रपंच आम्ही पाहुण्याच्या स्वागतासाठी जागच्या जागी थांबवून ठेवलेला असतो. चाळिशी ओलांडलेला, शाळेत गणित शिकविणारा गृहस्थ असले खेळ खेळतो ह्याचे हल्ली कोणाला नवल वाटत नाही. नवल वाटते ते यंत्राचे. "मास्तर, आता सारं फोनवर असते न! नाही तर टीव्हीले जोडाचं ते यंत्र घ्या, गादीवर पडून खेळा. हे एवढं धूड काहून ठेवलं?"

ह्या प्रश्नाला आम्ही आजवर निरनिराळी उत्तरे दिली आहेत. कोणाला सांगितले, हिशेबाला लागतो. कोणाला सांगितले, पडदा मोठा असला म्हणजे डोळ्यांना बरे. खरे कारण सांगावयाचे तर डावा हात पुढे करावा लागतो, आणि पाहुण्यासमोर ते बरे दिसत नाही. वाचकांसमोर तो पुढे करावयास हरकत नाही. त्यांना तो दिसणार नाही.

आमच्या डाव्या हाताचा अंगठा वरच्या सांध्यात वाकत नाही. तो बाहेरच्या बाजूस किंचित झुकून ताठ उभा असतो, आणि त्यावर भार दिला तर मनगटापर्यंत कळ जाते. सदैव ताठ असल्यामुळे आम्ही समोरच्याला अंगठा दाखवीत आहोत असा अनोळखी माणसाचा गैरसमज होतो. वर्गातल्या मुलांचा तर पहिल्या आठवड्यात होतोच होतो. एकलव्याने अंगठा दिला तो उजवा, आणि गुरूला दिला. त्याचे नाव राहिले. आमचा गेला तो डावा, आणि कोणी मागितलेलाही नव्हता.

गोमंतकातील वाचकांसाठी येथे थोडा भूगोल सांगणे प्राप्त आहे. पांढुर्णा हे गाव नागपूर-इटारसी लोहमार्गावर, महाराष्ट्राच्या सीमेला अगदी लागून, पण मध्य प्रदेशात आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर एका बाजूला गेले आणि आम्ही दुसऱ्या बाजूला राहिलो. तेव्हापासून आमच्याकडे घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि बाजारात दोहोंची खिचडी असा प्रघात आहे. २०२३ पर्यंत आम्ही छिंदवाडा जिल्ह्यात होतो. त्या वर्षी सौसर आणि पांढुर्णा मिळून वेगळा जिल्हा झाला. भोवताली संत्र्याच्या बागा आहेत आणि गावाच्या मधून जाम नदी वाहते. नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. आमच्याकडे गोटमार होते. नदीच्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि दोन्ही काठांवरची माणसे दिवसभर एकमेकांवर दगड फेकतात. पांढुर्ण्याच्या माणसांनी दगडांच्या वर्षावातून जाऊन कुऱ्हाडीने ते झाड पाडावयाचे, सावरगावकरांनी ते पाडू द्यावयाचे नाही. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. पांढुर्ण्याच्या एका तरुणाने सावरगावची मुलगी पळवून नेली, आणि नदी ओलांडताना दोन्हीकडून त्यांच्यावर दगड आले, अशी ह्यामागची कथा सांगतात. दर वर्षी शेकडो माणसे जखमी होतात. माणसे दगावलीही आहेत. परंतु गावात कोणी त्याला मारामारी म्हणत नाही. "गोटमार खेळाले चाललो," असेच म्हणतात, आणि सकाळी एकमेकांवर दगड टाकणारी सोयरी माणसे रात्री एका पंगतीला बसतात. हा खेळ आहे की नाही ह्याविषयी आमच्याशी वाद घालू नये. आम्ही त्या काठावर वाढलो आहो.

आता दुसऱ्या खेळाकडे वळू. १९९५ च्या दिवाळीत बाबांनी नागपुरास सीताबर्डीवरून टीव्हीला जोडावयाचा व्हिडिओ गेम आणला. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राची ती नक्कल होती. त्या काळी मूळ यंत्र कोणी पाहिलेले नसे, नकला मात्र गल्लोगल्ली होत्या. कॅसेटवर शेकडो खेळांचा आकडा छापलेला असे. मोजून पाहिले तर तेच दहा-बारा खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. कॅसेट चालली नाही म्हणजे तिच्या तोंडात फुंकर मारावयाची. यंत्राला दोन रिमोट होते. एक आमच्याकडे, एक धाकट्या भावाकडे. आम्ही दोघे 'कॉन्ट्रा' खेळत असू.

'कॉन्ट्रा'चा तिसरा टप्पा धबधब्याचा. दोन्ही शिपायांनी खडकांवरून उड्या मारीत वर चढावयाचे. वरचा गडी जसा चढेल तसा पडदा वर सरकतो, आणि मागे राहिलेला गडी पडद्याच्या खालच्या कडेला लागून मरतो. त्याला शत्रूची गोळी लागलेली नसते. सोबत्याने घाई केली एवढाच त्याचा अपराध. म्हणून त्या टप्प्यावर दोघांनी बरोबरीने चढावे लागते. आम्ही दोघे भाऊ तेथे "एक, दोन, तीन" म्हणत चढत असू, आणि आई स्वयंपाकघरातून विचारी, "का मोजून राहिले रे पोट्टेहो?"

१९९७ च्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नदीवर गेलो. वय पंधरा. आईने बजावून ठेवले होते, आणि आमचा खेळावयाचा विचारही नव्हता. लहानपणी बाबांनी आम्हांला खांद्यावर बसवून गोटमार दाखविली होती, तशीच लांबून पाहावी एवढाच बेत. एका घराच्या कठड्यावर डावा हात टेकून उभे होतो. दगड कोणाच्या हातातला की गोफणीतला हे सांगता येणार नाही. तो कठड्यावर बसला आणि आमचा अंगठा मध्ये होता. काठावर दर वर्षीप्रमाणे डॉक्टरांचा तंबू लावलेला होता, चाळीस पावलांवर. तेथे गेलो असतो तर अंगठा बहुधा वाचला असता. आम्ही हाताला रुमाल गुंडाळला, घरी आलो, दारात बोट सापडले म्हणून सांगितले आणि हळद लावून घेतली. तिसऱ्या दिवशी हात मनगटापर्यंत सुजला तेव्हा आईने रुमाल सोडला. नागपूरच्या डॉक्टरांनी हाड बसविले, पण सांधा गेला तो गेला. दोष कोणाचा असेल तर आमचाच.

आई महिनाभर बोलत होती. बाबा काहीच बोलले नाहीत. तरुणपणी ते स्वतः पळसापर्यंत जाऊन आलेले होते. गावात त्याचा बोलबाला होता. त्या वर्षानंतर ते पुन्हा नदीवर गेले नाहीत.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही पहिला उद्योग कोणता केला असेल, तर रिमोट हातात घेतला. त्या रिमोटच्या उजव्या अंगाला दोन तांबड्या गुंड्या असतात, डाव्या अंगाला अधिकच्या चिन्हासारखी एक कळ. गडी चालवावयाचा तो त्या कळेने, आणि ती कळ डाव्या अंगठ्याखाली येते. मागेपुढे, वर-खाली, सारे काही डाव्या अंगठ्याच्या टोकाने. आमच्या अंगठ्याला टोक होते, पण ते वळत नव्हते. रिमोट जमिनीवर ठेवून हार्मोनियमच्या पट्ट्या दाबाव्यात तशी तर्जनीने कळ दाबून पाहिली. गडी खड्ड्यात पडला. मांडीवर ठेवून पाहिले, पुन्हा खड्ड्यात. धाकटा भाऊ मोठ्या मनाचा. धबधब्यावर तो अर्ध्या वाटेत थांबून राही, आमची वाट पाही, आणि वरून गोळ्या लागून आपला गडी मारून घेई. चारपाच दिवसांनी तो म्हणाला, "दादा, तू नुसता सांग कुठं जाचं. मी दोघांकडून खेळतो." ह्यात वाईट काही नव्हते. आम्ही रिमोट त्याच्याकडे दिला आणि त्यानंतर ते यंत्र लागले म्हणजे आम्ही गच्चीवर जाऊन बसू लागलो.

ती अधिकच्या चिन्हाची कळ गुनपेई योकोई नावाच्या गृहस्थाने योजिली, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी समजले. निन्टेंडो ही १८८९ साली क्योटोमध्ये निघालेली पत्त्यांची कंपनी. योकोई तेथे १९६५ साली कारखान्यातील यंत्रांची देखभाल करावयास लागला होता. खिशात मावणाऱ्या एका खेळासाठी १९८२ साली त्याने ही कळ बसविली, आणि पुढे जगातील झाडून साऱ्या खेळयंत्रांनी ती उचलली. पुढच्या यंत्रांत कळेच्या जोडीला अंगठ्याने फिरवावयाच्या दांड्या आल्या. एक दांडी डाव्या अंगठ्याला, एक उजव्या. म्हणजे मनुष्याचे दोन अंगठे धड आहेत हे त्या धंद्यात गृहीतच धरलेले. योकोई १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरील अपघातात वारला, आमचा अंगठा गेल्यानंतर जेमतेम महिन्याने. त्याच्यावर आमचा राग नाही. कागदावर निशाणी म्हणून सरकारही डावाच अंगठा मागते.

१९९८ साली गावात एक संगणकवर्ग निघाला. चपला बाहेर काढून आत जावयाचे, खिडक्यांना जाड पडदे, यंत्रांवर खोळी, आणि देवळात असते तशी शांतता. शिकविणारे सर एका फ्लॉपीवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' बाळगून होते. तास संपल्यावर जो विद्यार्थी सर्व खोळी नीट घालील त्याला दहा मिनिटे तो खेळ मिळे. आम्ही खोळी घालण्यात पुढे पुढे करू लागलो ते कुतूहलाने. खेळता येईल अशी आशा नव्हती.

बसलो तेव्हा सर म्हणाले, "बाणाच्या चार कळा आणि शिफ्ट. बस, एवढंच." बाणाच्या चार कळा कीबोर्डाच्या उजव्या अंगाला. शिफ्ट दोन, एक डावीकडे, एक उजवीकडे; उजवीकडची बाणांच्या माथ्यावरच. आम्ही डावा हात मांडीखाली घातला आणि उजव्या हाताने राजपुत्राला पळविले. तो पळाला. उडी मारली. पलीकडच्या कड्याला बोटांनी लोंबकळला आणि अंग वर ओढून उभा राहिला. वर्षभरात आमचा एकही गडी खड्डा ओलांडून गेला नव्हता.

तो राजपुत्र इतका माणसासारखा का पळतो ह्याचे कारण पुढे वाचनात आले. जॉर्डन मेकनर ह्या अमेरिकन तरुणाने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळावयास आणि उड्या मारावयास लावले, त्याचे चित्रीकरण केले आणि त्या चित्रांवरून एकेक हालचाल संगणकात उतरवून घेतली. कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर १९८९ साली खेळ बाहेर आला. एक भाऊ धावतो आणि दुसरा त्याच्याकडे बघत बसतो, ही स्थिती आम्हांला अपरिचित नव्हती. मेकनरने तिचा उपयोग अधिक चांगला केला.

संगणकावरील खेळ आम्हांला आवडू लागला तो असा, उजव्या हाताने. त्याची खरी करामत मात्र पुढे नागपुरात कळली. २००० साली आम्ही शिकावयास तेथे गेलो. धरमपेठेत एक सायबर कॅफे होता. मुले रात्री तेथे 'काउंटर-स्ट्राइक' खेळत. ह्या खेळाचा जन्म आमच्या संत्र्यासारखाच झाला आहे. संत्र्याचे झाड आपल्या मुळांवर वाढवीत नाहीत. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, मुळे जंबेरीची आणि फळ संत्र्याचे. मिन्ह ली आणि जेस क्लिफ ह्या दोघा हौशी तरुणांनी १९९९ साली 'हाफ-लाइफ' नावाच्या तयार खेळाच्या खुंटावर आपला डोळा बांधला, आणि कलम मूळ झाडापेक्षा जास्त गाजले. मूळ खेळाच्या कंपनीने पुढल्याच वर्षी ते विकत घेतले. संगणकाच्या खेळांत असे चालते. कोणाचाही खेळ उघडावा, त्यात आपले काही घालावे, आणि दुसऱ्यास द्यावा. टीव्हीच्या यंत्रात कॅसेट घालावयाची आणि फुंकर मारावयाची, ह्याहून अधिक मोकळीक आम्हांला कधी मिळाली नव्हती.

ह्या खेळात डावा हात लागतो. डब्ल्यू, ए, एस, डी ह्या चार अक्षरांवर तीन बोटे, आणि उडी मारावयास खालची लांब पट्टी, म्हणजे स्पेस. ती पुन्हा डाव्या अंगठ्याखाली. आम्ही पट्टी पाहिली आणि उठू लागलो. शेजारचा मुलगा, अमरावतीकडचा, म्हणाला, "काहून उठला बे?" आम्ही अंगठा दाखविला. त्याने आमच्या पडद्यावर काही पाने उघडली. तेथे प्रत्येक हालचालीपुढे तिची कळ लिहिलेली होती. "कोणती पाहिजे?" असे त्याने विचारले. हॉटेलात भाजी कोणती पाहिजे म्हणून विचारतात त्या सुरात. आम्हांला काही सुचेना. त्याने उडी स्पेसवरून काढली आणि माऊसच्या चाकावर ठेवली. उजव्या हाताची तर्जनी चाकावर फिरली की गडी उडे.

दुसऱ्या दिवशी कॅफेच्या मालकाने आम्हांला बोलावून घेतले. आमच्यानंतर त्या यंत्रावर बसलेला एक मुलगा अर्धा तास भिंतीसमोर उभा राहून स्पेस बडवीत होता म्हणे, आणि पट्टी खराब आहे म्हणून पैसे परत मागत होता. तेव्हापासून उठताना कळा पूर्ववत करून जावयाची आम्हांला सक्ती झाली. गंमत अशी की महिन्याभरात तिथल्या पट्टीच्या खेळाडूंनीही उडी चाकावर नेली. चाक फिरविल्याने उड्या लागोपाठ घेता येतात असा शोध त्यांना लागला होता. आमची सोय ती त्यांची शक्कल ठरली, आणि त्या कॅफेत कोणी आम्हांला पुन्हा अंगठ्याविषयी विचारले नाही.

शिक्षण संपवून २००३ साली आम्ही पांढुर्ण्यास परत आलो. बाबा संत्र्याचे व्यापारी. झाडावरचा बहार ठरवून घ्यावयाचा, तोडा करून नागपूरच्या बाजारात गाडी पाठवावयाची. एके दिवशी जेवताना म्हणाले, "हिशेबाले एक संगणक घेऊ. सारे घेऊन राहिले." नागपुराहून सुटे भाग जोडून यंत्र आले. बाबांनी दुकानदाराला सीपीयूचे झाकण काढावयास लावले आणि गाडीतले फळ पाहावे तसे आतला एकेक भाग निरखून पाहिला. त्या वर्षांत मध्य प्रदेशात विजेचे हाल असे होते की त्याच वर्षीची विधानसभेची निवडणूक वीज, रस्ते आणि पाणी ह्यांवर लढविली गेली. म्हणून सोबत यूपीएस घेतला. लाईन गेली की तो किंचाळू लागे आणि दहा मिनिटांची मुदत देई. तेवढ्यात आम्ही खेळ राखून ठेवीत असू. दुसऱ्या दिवशी तो नेमका तेथूनच पुढे सुरू होई. आमच्या जुन्या टीव्ही-यंत्राला ही स्मृती नव्हती. वीज गेली की सारी चढण पुन्हा पायथ्यापासून.

हिशेबासाठी म्हणून आणलेल्या त्या संगणकावर बाबांनी एकदाही हिशेब केला नाही. आम्ही दोनदा सांगून पाहिले, ते म्हणाले, "राहू दे, वहीत बरं पडते." रात्री आम्ही खेळत असलो की ते पलंगावरून पाहत. कधी विचारीत, "तुझा तो उड्या मारणारा पोरगा दिसत नाही आज?" २०१४ साली ते गेल्यावर त्यांच्या खातेवह्या आम्ही चाळल्या. २००३ च्या वहीत संगणकाची रक्कम सापडेना. दुकानखर्चात नव्हती, घरखर्चात नव्हती. ती दवाखान्याच्या खात्यावर मांडलेली होती.

असो. फोनविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पाहुण्यांचा मुख्य आग्रह फोनचा असतो. २०१८ साली पबजीने सारे गाव व्यापले. आमचा पुतण्या तेव्हा बारा वर्षांचा होता. फोन आडवा धरावयाचा, डाव्या अंगठ्याने चालावयाचे, उजव्या अंगठ्याने नेम धरावयाचा. म्हणजे योकोईची कळ काचेखाली गेली, पण अंगठ्याची सक्ती राहिली ती राहिलीच. पुतण्या आग्रहाने फोन आमच्या हातात देई आणि आम्ही नको म्हणत असू. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपांवर बंदी घातली. त्यांत पबजी गेले. दोन दिवस मुलगा घरात भुतासारखा हिंडला. तिसऱ्या दिवशी आमच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, ह्या मेंढ्या कोणाच्या?"

तो खेळ 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग. मूळचा १९९९ सालचा, २०१९ मध्ये नव्या रूपात पुन्हा आलेला. गाव वसवावयाचे, शेती करावयाची, लाकूड तोडावयाचे, मग लढावयाचे. ह्याला माऊस पुरतो. कीबोर्ड हा केवळ घाई असलेल्यांसाठी. वेग कमी करता येतो. एकट्याने खेळत असलो आणि दारात पाहुणा आला तर काळ थांबविता येतो. ह्याही खेळाला चाहत्यांनी आपल्या हौसेने नवे भाग जोडले होते. कंपनीने त्यांनाच हाताशी धरले, आणि २०१३ पासून ते अधिकृतपणे निघू लागले. २०२२ च्या भागात भारतातील द्रविड, बंगाली आणि गुर्जर अशा स्वतंत्र फळ्या आल्या. देवगिरीच्या यादवांना त्यात वेगळे घर मिळाले नाही ह्याचे आम्हांला वाईट वाटले. पुतण्या म्हणाला, "काका, आपणच बनवू न." त्याला वाटले ते एका रात्रीचे काम आहे. खटपट अजून चालू आहे.

टीव्हीच्या यंत्रांवर आम्ही अन्याय करीत नाही. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने आमच्यासारख्यांसाठी मोठ्या गुंड्यांचा एक निराळा रिमोट काढला. त्याच्या पाठीमागे भोकेच भोके आहेत, ज्याला जी कळ सोयीची ती त्याने तेथे जोडावी, हाताने दाबावी की पायाने हे त्याचे त्याने ठरवावे. २०२३ मध्ये सोनीचाही तसा रिमोट आला. ही चांगलीच गोष्ट झाली. १९९७ साली असे काही असते तर आम्ही कदाचित आजही धाकट्या भावाशेजारी गादीवर बसलेले असतो. पण तोवर वीस वर्षे उलटली होती, आणि ज्या यंत्राने आम्हांला आत घेतले त्याच्यापाशी आम्ही रुळलो होतो.

गावातील एक सुशिक्षित स्नेही आम्हांला म्हणतात की, मुलांना असेच संगणकावर बसवावे, म्हणजे नदीवर जाणार नाहीत. त्यांचा हेतू चांगला आहे. पण प्रशासनाने एका वर्षी दगडांच्या जागी रबरी चेंडू ठेवून पाहिले होते, त्याची आम्ही त्यांना आठवण देतो. माणसांनी चेंडू बाजूला सारले आणि दगड उचलले. नदीवर जाणारा मनुष्य खेळ नाही म्हणून तेथे जात नाही, आणि घरी दुसरा खेळ आहे म्हणून थांबतही नाही. आम्ही स्वतः अंगठा गेल्यानंतरही कित्येक वर्षे काठावर गेलो आहो. लांब उभे राहतो, आणि हात खिशात ठेवतो.

२०२४ च्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतण्याने विचारले, "काका, जाऊ?" तो अठरा वर्षांचा झालेला. त्याच्या आईने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, आम्हीही येतो. दोघे काठावर उभे राहिलो. आम्ही त्याला तो कठडा दाखविला. तो बराच वेळ पाहत होता. मग त्यानेही हात खिशात घातले. पलीकडच्या काठावर त्याचा एक मित्र होता, सावरगावचा, त्याच्या वर्गातला. तो खेळत होता. दुपारनंतर गर्दीत तो दिसेनासा झाला आणि पुतण्याचे लक्ष खेळावरून उडाले.

संध्याकाळी तो मित्र आमच्या घरी आला. उजव्या हाताला बोटांपासून मनगटापर्यंत बँडेज, कपाळावर आयोडीन. तो काठावरच्या डॉक्टरांकडे लगेच गेला होता, हे त्याने आमच्या पत्नीला दोनदा सांगितले. रविवारी रात्री दोघे आमच्या त्या खेळाला बसत, एक बैठकीतल्या यंत्रावर, दुसरा आपला लॅपटॉप घेऊन. तो वार रविवार नव्हता, पण मुलगा आला होता. लॅपटॉप त्याला आणता आला नव्हता. "मी नुसता पाहतो," असे म्हणून तो भिंतीपाशी बसला.

आमच्या पोटात कालवले. आम्ही काही बोलणार इतक्यात पुतण्या उठला. टेबल भिंतीपासून ओढले, सीपीयू दुसऱ्या बाजूला फिरविला, कारण माऊसची वायर तिकडे पुरत नव्हती. त्यात आमच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा खाली पडला. मग माऊस डावीकडे ठेवून त्याने पडद्यावर एक पान उघडले आणि मित्राला दंडाला धरून खुर्चीत बसविले. स्वतः आपल्या बापाचा लॅपटॉप घेऊन जमिनीवर बसला. मित्राने डावा हात माऊसवर ठेवला आणि दोनदा बटन दाबले. काहीच झाले नाही.

"उजवं दाब," पुतण्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "आता उजवं तेच डावं. समजलं का बे?"